न पडलेल्या पावसाचा चिखल

१

जमीन खोटं बोलत नाही. माणूस बोलतो, जाहिरात बोलते, वजनकाटासुद्धा प्रसंगी शब्द फिरवतो. पण जमीन जशी असते तशीच पायाखाली येते. रेसकोर्सच्या मोठ्या दरवाज्यावर संस्थापकांचं हे वचन दगडात कोरलेलं आहे. त्या रविवारी दरवाज्याच्या आतली जमीन सकाळपासून धडधडीत खोटं बोलत होती.

पाऊस मागच्या रेसच्या वेळी पडून गेला होता. त्यानंतर नुसतं ऊन. शहरभर धूळ उडत होती आणि क्लबच्या लॉनवरचं गवत दाढीच्या खुंटांसारखं टोचत होतं. ट्रॅकवर मात्र घोट्याएवढा चिखल होता.

पहिल्या रेसचे घोडे त्यातून पचपच करत निघाले तेव्हा प्रेक्षकांना वाटलं, ही काहीतरी नवीन सुधारणा असेल. क्लबवर लोकांचा तेवढा विश्वास होता. मोठ्या रेसमध्ये तो उडाला. सगळ्यांची लाडकी घोडी तडफ, जी कोरड्या जमिनीवर कोणाला हूं की चूं करू देत नाही, ती पहिल्याच वळणावर रुतली आणि शेवटून दुसरी आली. पहिला आला सावकाश. जाड मानेचा, रुंद खुरांचा, आखूड टापेचा हा घोडा एरवी लोक पार्किंगकडे निघाल्यावर शेवटच्या खांबापाशी पोचतो.

तो येणार हे एकाच माणसाने सांगितलं होतं, तेही शनिवारी सकाळच्या पेपरात. चिखलपंडित या नावाने सदर लिहिणाऱ्या या गृहस्थांना लोक नुसतं पंडित म्हणत. जड जमिनीवर कोणता घोडा येईल, एवढ्याच विषयात त्यांचा अधिकार होता, आणि तो कोणी तपासला नव्हता. शनिवारी त्यांनी लिहिलं होतं: "रविवारी जमीन जड. जड जमिनीत पळणारा घोडा शोधू नका, थकायला उशीर करणारा शोधा. लांब टापेचा घोडा प्रत्येक पाऊल उपसून काढतो, आखूड टापेचा ते नुसतं उचलतो. आणि जो पुढे असतो त्याच्या डोळ्यात चिखल जात नाही. सावकाशला पहिल्यापासून पुढे काढतील. सावकाश."

शनिवारी सकाळी ती जमीन फरशीसारखी कडक होती, हे तबेल्यातला प्रत्येक माणूस शपथेवर सांगायला तयार होता.

क्लबच्या सेक्रेटरींनी पंडितांना बोलावून घेतलं, त्यांचा प्रवेशाचा पास टेबलाच्या खणात टाकला आणि विचारलं, क्लबला कळायच्या आधी चिखल होणार हे तुम्हाला कसं कळलं. पंडित म्हणाले, अनुभव. पुढे बोलेनात. सोमवारी संध्याकाळी समिती बसेल आणि तोवर पटेल असं उत्तर आलं नाही तर रेसकोर्सचा दरवाजा जन्मभरासाठी बंद, हेही सांगून झालं. पंडितांच्या कपाळावर घाम आला. पण हा माणूस घाबरलाय तो आपल्याला नव्हे, दुसऱ्याच कशाला तरी, असं सेक्रेटरींना राहून राहून वाटत राहिलं.

२

पंडितांच्या बायकोला एक थोरला भाऊ होता. तो विमा कंपनीत सर्वेअर म्हणून निवृत्त झाला होता. जळालेली गोदामं, बुडालेल्या बोटी आणि आपोआप फुटलेली दुकानं बघण्यात आयुष्य गेल्यामुळे त्याचा आगीवर, पाण्यावर आणि माणसावर सारखाच अविश्वास होता. बहिणीच्या लग्नात नवऱ्यामुलाकडे त्याने ज्या नजरेने पाहिलं होतं, तीच नजर अजून कायम होती.

सोमवारी सकाळी तो बहिणीकडे आला तेव्हा ती खिडकीपाशी शिलाई मशीनवर बसली होती. काम काही नव्हतं. एका जुन्या चादरीला ती दुसऱ्यांदा शिवण घालत होती.

"दादा, हे असं करणार नाहीत," ती म्हणाली.

सर्वेअर म्हणाला की हे वाक्य त्याने प्रत्येक गोदाममालकाच्या बायकोकडून ऐकलं आहे, आणि बऱ्याचदा ते खरं निघालं आहे, कारण काडी मेहुण्याने लावलेली असे.

"मग आता मेहुणा तूच आहेस," ती म्हणाली. "सोडव त्यांना."

पंडित आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपले होते, किंवा तसं दाखवत होते. सर्वेअरने घर पाहून घेतलं. दाराशी पंडितांचे प्रसिद्ध गमबूट होते. रेसच्या आठवड्यात पंडित पहाटे उठून अख्खा ट्रॅक पायी फिरतात, ही सर्वांना माहीत असलेली गोष्ट होती. रेसआधी घोडे फिरवून दाखवतात त्या पॅडॉकमध्ये ते आले की लोक त्यांच्या तोंडाकडे बघायच्या आधी बुटांकडे बघत. बूट जितके माखलेले तितकी लोकांची खात्री पक्की.

सर्वेअर खाली बसला. चिखल वाळून पोपडे धरले होते. त्याने एक पोपडा नखाने काढला, चुरगळला, वास घेतला आणि रुमालात बांधला.

बहीण चहा ठेवता ठेवता बोलत होती. समोरच्या बाईचा विषय होता. ती बाई बाल्कनीतल्या कुंड्यांतली माती चोरते, असा बहिणीचा पक्का संशय होता. रेसच्या दिवसांत नेमका तिला बागकामाचा झटका येतो. "मी एवढं खत घालून, जपून माती करते. परवा गुलाबाची कुंडी अर्धी झालेली. विचारलं तर म्हणते, तुमच्या कुंड्यांना हात लावायला मला वेड लागलंय का."

सर्वेअरने चहा अर्धा टाकला आणि उठला. जाताना त्याने विचारलं, भावोजी घरातून किती वाजता निघतात. पहाटे, ती म्हणाली, अंधारातच. बूट पायात घालून? नाही, पिशवीत. चालायला जड होतात ना ते.

चिखलात चालण्यासाठी घेतलेले बूट पिशवीतून नेणारा माणूस सर्वेअरच्या यादीत एकदम वर गेला.

३

सेक्रेटरींनी सर्वेअरला आनंदाने परवानगी दिली. आरोपीचा नातेवाईक असला तरी या माणसाने आजवर कोणाच्या बाजूने अहवाल दिलेला नाही, ही त्याची कीर्ती क्लबपर्यंत पोचली होती.

दोघे ट्रॅककडे निघाले. आतल्या फाटकापाशी एक लोखंडी खांब होता. त्यावर 'जमीन' असं रंगवलेलं होतं आणि त्याखाली स्क्रूने बसवलेली पाटी: 'जड'. ही पाटी बाहेरच्या रस्त्यावरून, बसमधूनसुद्धा वाचता येते, असं सेक्रेटरी अभिमानाने म्हणाले. कोरडी, मध्यम, जड अशा तीन पाट्या आहेत आणि ट्रॅकसाहेब, म्हणजे ट्रॅकचे सुपरिंटेंडेंट, रेसच्या आधी योग्य ती पाटी लावतात. सर्वेअरने खांबावर हात फिरवून पाहिला. स्क्रूखाली गंजाचा तपकिरी ओघळ होता.

ट्रॅकवर चिखल आता सुकत आला होता. सर्वेअर रेलिंगपासून रेलिंगपर्यंत आडवा चालत गेला, मग वळणावर, मग तबेल्याच्या मागे, जिथे दुरुस्तीसाठी बंद ठेवलेला एक तुकडा होता. त्या बाजूला घोडे वर्षभर फिरकले नव्हते. तोही भिजवलेला होता. अगदी कडेपर्यंत, एक वीतही कोरडी न ठेवता.

पाणी कुठून आलं हे कोडं नव्हतं. क्लबचे स्वतःचे फवारे होते. पंपघराला कुलूप होतं, पण ते नेहमी उघडंच अडकवलेलं असे, कारण किल्ली हरवते.

"म्हणजे कोणीही करू शकतं," सेक्रेटरी खिन्नपणे म्हणाले.

"करू कोणीही शकतं," सर्वेअर म्हणाला. "पण एवढं मन लावून कोणीही करणार नाही. चोराला एका घोडीचे पाय रुतवायचे होते, तर एक वळण पुरलं असतं. ज्या तुकड्यावर घोडा जातच नाही, तो भिजवायला चोर थांबत नाही. साहेब, हा गुन्हा नाही. हे कोणीतरी ड्युटी म्हणून केलेलं काम आहे."

सेक्रेटरींनी त्याच्याकडे चमकून पाहिलं. क्लबच्या नोकरांनी मन लावून काम केल्याचा आरोप आजवर कोणी केला नव्हता.

४

तरीही फायदा कोणाचा झाला हे बघणं भाग होतं. सावकाशचा मालक सिमेंटचा व्यापारी होता. त्याच्या ऑफिसात सगळ्यावर, अगदी देवाच्या तसबिरीवरही, सिमेंटचा बारीक थर होता. तो सर्वेअरला पाहून इतका गडबडला की त्याने स्वतःसाठी मागवलेलं थंड पेय त्याच्यापुढे सरकवलं आणि मग परत ओढून घेतलं.

घोडा जिंकल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हता. कप मिळाला होता, तो टेबलाखाली रद्दीशेजारी ठेवला होता. सर्वेअरने कपाकडे बघत विचारलं की शनिवारी आपण ट्रॅकवर होता का. होता. दुपारी घोडा बघायला गेला होता. जमीन कशी होती? व्यापाऱ्याने टेबलावरचं सिमेंट बोटाने पुसलं. मग उठून त्याने दार लावलं.

"हे बाहेर जाता कामा नये," तो हळू आवाजात म्हणाला. "माझ्या ट्रेनरला कळलं तर तो घोडा सोडेल. आणि घोड्याला कळलं तर..." त्याने वाक्य अर्धवट टाकलं.

सर्वेअर कबुलीजबाब ऐकायला पुढे सरकला.

जमीन दगडासारखी होती, व्यापारी म्हणाला. सावकाश त्यावर काय पळणार, हे त्याला स्वतःला चांगलं माहीत होतं. म्हणून त्याने आपले सगळे पैसे तडफवर लावले. आपल्या घोड्यावर छदामसुद्धा नाही. घोडा जिंकला आणि मालक बुडाला. कप घरी नेला तर बायको विचारेल, मग जिंकलेले पैसे कुठे आहेत.

जमीन भिजणार हे ज्याला माहीत असतं, तो कोरड्या जमिनीच्या घोडीवर पैसे लावत नाही. सर्वेअरने व्यापाऱ्याचं नाव खोडलं. आता उरले पंडित. आणि पंडितांविरुद्धचा पुरावा त्याच्या खिशात रुमालात बांधलेला होता.

५

दुपारी त्याने पंडितांना उठवून बसवलं. बहिणीला दुकानात पाठवलं. मग रुमाल सोडून तो पोपडा टीपॉयवर ठेवला.

"भावोजी, यात चहाचा चोथा आहे," तो म्हणाला. "अंड्याच्या कवचाचे तुकडेही आहेत. ट्रॅकवर घोडे चहा पिऊन अंडी खात असतील तर मला माहीत नाही. नाहीतर ही गुलाबाची कुंडी आहे."

पंडितांनी पोपड्याकडे पाहिलं आणि चष्मा काढून ठेवला. मग एखाद्या जुन्या दुखण्याबद्दल बोलावं तसं ते बोलले. पहिली काही वर्षं ते खरंच ट्रॅक फिरत होते. एकदा सर्दी झाली म्हणून गेले नाहीत, अंदाजाने लिहिलं, आणि त्या दिवशी सांगितलेले सगळे घोडे आले. नंतरच्या वेळी गेले, तर एकही आला नाही. तेव्हापासून त्यांनी ट्रॅकवर जाण्याचा धोका पत्करला नाही. पहाटे बागेतल्या बाकावर जाऊन बसायचं, पिशवीतली माती नळाखाली कालवून बुटांना लावायची.

मग जमीन जड हे कळायचं कसं?

"बसमधून," पंडित म्हणाले. "पाटी दिसते. ट्रॅकसाहेब स्वतः फिरून लावतात ती. चूक कशी असेल? शुक्रवारी 'जड' होतं. लिहिलं."

सर्वेअर समाधानाने मागे टेकला. संध्याकाळी समितीपुढे एवढं सांगितलं तरी भावोजी सुटणार होते. फवाऱ्यांची तोटी कोणत्या बाजूला असते हेही या माणसाला ठाऊक नव्हतं.

"दादा," पंडित म्हणाले, "एक विनंती आहे. मला दोषी ठरवा."

सर्वेअरच्या आयुष्यात असा दावेदार पहिलाच होता.

पंडितांचं म्हणणं सरळ होतं. दोषी ठरलो तर दरवाजा बंद होईल, ठीक आहे, तसाही मी आत जात नाही. पण लोक म्हणतील, काय माणूस आहे, उन्हाळ्यात चिखल करून दाखवला. सदर आणखी वाचतील. निर्दोष ठरलो तर सगळं शहर म्हणेल, हा बसमधून पाटी वाचून पंडित झाला. मग कोणता संपादक मला दारात उभा करील? आणि हिला मी काय सांगू?

"तिला काय हवंय ते तिला विचारा," दारातून आवाज आला. बहीण पिशवी घेऊन उभी होती. किती वेळ उभी होती ते कोणी विचारलं नाही. तिने टीपॉयवरचा पोपडा उचलला, त्यातला चहाचा चोथा ओळखला आणि तो परत नेऊन कुंडीत टाकला.

"दादा, चोर नको," ती आतूनच म्हणाली. "थापाड्या चालेल. त्याची सवय आहे."

६

ट्रॅकसाहेबांचं ऑफिस पंपघराला लागून होतं. खिडकीतून ट्रॅकची एक हिरवी पट्टी दिसत असे, आणि गेली काही वर्षं ट्रॅकसाहेबांनी ट्रॅकचा तेवढाच भाग पाहिला होता. गुडघे धरत होते. खुर्चीशेजारी पेपरांची चळत होती. सगळे शनिवारचे, आणि सगळे एकाच पानावर दुमडलेले.

सर्वेअर बसला. त्याने पेपरांकडे पाहिलं, मग ट्रॅकसाहेबांकडे.

"पंडितांचं सदर आवडतं वाटतं तुम्हाला."

ट्रॅकसाहेब म्हणाले, आवडतं म्हणजे काय, तो एकच माणूस आहे जो रोज पहाटे माझा ट्रॅक फिरतो. बूट बघितलेत त्याचे?

"बघितले," सर्वेअर म्हणाला.

मग त्याने आपला तर्क मांडला. पंडित फिरत नाहीत, ते पाटी वाचतात. पाटी तुम्ही लावता. तुम्ही फिरत नाही, तुम्ही पंडित वाचता. पाटीवर 'जड' होतं, ते मागच्या पावसाचं. पंडितांनी ते वाचून 'जड' लिहिलं. तुम्ही ते वाचून शनिवारी क्लबला अधिकृत निरोप दिला, जमीन जड. इथवर कोणाचीच चूक नाही, सगळे एकमेकांवर विश्वास ठेवणारी माणसं आहेत. पण शनिवारी संध्याकाळी काहीतरी झालं आणि तुम्ही ट्रॅकवर उतरलात.

ट्रॅकसाहेबांनी खिडकी लावून घेतली. ते म्हणाले, वाऱ्याने टोपी उडाली. ती आणायला गेलो.

"आणि?"

"पायाखाली खटखट वाजायला लागलं."

ते तिथेच टोपी हातात घेऊन उभे राहिले होते. निरोप गेला होता, रेसची कार्डं छापली गेली होती. जमीन कोरडी असं आता कळवायचं, तर तासाभरात चाळीस माणसं विचारणार, मग सकाळी काय बघून जड म्हणालात? निवृत्ती तोंडावर आलेली. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की रिपोर्ट दुरुस्त करायला समितीची मंजुरी लागते. जमीन दुरुस्त करायला कोणाचीच लागत नाही.

म्हणून त्यांनी फवारे सोडले. कोणत्याही घोड्याचा विचार त्यांच्या मनात नव्हता. घोडे त्यांना मुळात आवडत नसत, ट्रॅक खराब करतात. आणि एकदा काम हातात घेतल्यावर बंद तुकडा तेवढा कोरडा ठेवणं त्यांच्या मनाला पटेना.

सर्वेअरने एकच प्रश्न राखून ठेवला होता. ऊन पडत होतं, तर शुक्रवारच्या आत पाटी का बदलली नाही?

"गेलो होतो की बदलायला," ट्रॅकसाहेब म्हणाले. "खिडकीतून बघून वाटलं, आता मध्यम असेल. गुरुवारी पाटी घेऊन गेलो, तर स्क्रू हलेना. पावसाने धरला होता. स्टोअरकडे अर्ज केला. शनिवारी पेपर उघडला तर पंडित म्हणतात जड. म्हटलं, बरं झालं स्क्रू निघाला नाही. नाहीतर मी चुकलो असतो."

७

संध्याकाळी सर्वेअरने समितीला सगळं सांगितलं. कुंडीपासून टोपीपर्यंत, काही न वगळता. दाराबाहेरच्या बाकावर पंडित आणि त्यांची बायको बसली होती. पंडित उठायला लागले की ती बाही धरून खाली बसवत होती.

 आत अध्यक्षांनी हळूच विचारलं की हे असं किती वर्षं चाललं असावं. सर्वेअर म्हणाला, साहेबांचे गुडघे आणि पंडितांची सर्दी, दोन्ही जुनी आहेत. मग समितीतल्या वकिलांच्या लक्षात आलं की हे बाहेर गेलं तर प्रत्येक हरलेला माणूस प्रत्येक जुन्या रेसचे पैसे परत मागायला येईल. पाठोपाठ ते इतरांच्याही लक्षात आलं, आणि खोलीत एकदम एकमत पसरलं.

चिखल नैसर्गिक ओलाव्यामुळे झाला, असा निर्णय झाला. निकाल कायम. ट्रॅकसाहेबांच्या कर्तव्यदक्षतेची नोंद घेण्यात आली. सेक्रेटरींनी खणातून पास काढून पंडितांच्या हातात दिला. सर्वेअरला शाल देण्याचं ठरत होतं, ती त्याने संशयाने नाकारली.

पुढच्या शनिवारी पंडितांचं सदर नेहमीच्या जागी आलं. जमिनीतला ओलावा आधीच ओळखणारा माणूस म्हणून लोक त्यांना बसमध्ये जागा द्यायला लागले होते. पण आता त्यांना बस लागत नव्हती. बायकोची अट होती: बूट पायात, माती ट्रॅकची, आणि खात्रीसाठी ती बरोबर. रोज सकाळी दोघं अख्खा ट्रॅक फिरत. त्या मोसमात पंडितांनी सांगितलेला एकही घोडा आला नाही, आणि त्यांना झोप मात्र चांगली लागायला लागली.

पहिल्या सकाळी पंडित ट्रॅकच्या मधोमध उभे राहिले, बुटाने जमीन दाबून पाहिली आणि खूप विचार करून म्हणाले, "काय म्हणशील, मध्यम?"

"खडखडीत कोरडी आहे, अहो," ती म्हणाली.

परत येताना फाटकापाशी 'जड' अशी पाटी होती. स्टोअरकडचा अर्ज मंजुरीसाठी वर गेलेला होता. तिने पिशवीतून शिलाई मशीनच्या तेलाची कुपी काढली, दोन थेंब सोडले आणि थोडं थांबून स्क्रू फिरवला. तो बोटांनी निघाला.